काकडीच्या वासाचा मासा

वेलिंग्टनच्या आमच्या प्रयोगशाळेत दोन खोल्या आहेत आणि त्या दोन खोल्यांमधलं सोवळंओवळं रावीनियाइतकं कडक कुणीच पाळलं नाही. पहिल्या खोलीत देशभरातल्या ओढ्यानद्यांचं पाणी येतं. दुसरीत यंत्रं आहेत. सकाळी पहिलीतून दुसरीत जायचं, पण त्या दिवशी दुसरीतून पहिलीत परतायचं नाही, छत्री विसरली असली तरी भिजत घरी जायचं. कोट वेगळे, चपला वेगळ्या, पेनंसुद्धा वेगळी. नवीन कुणी कामाला लागलं की रावीनिया त्याला दारातच गाठायची.

"घरी ताटं पुसायची फडकी कशात धुतेस?"

"मशीनमध्ये. कपड्यांबरोबर."

"आमच्या आंटी केईतापुढे हे बोलू नकोस, तुला जेवायला वाढणार नाही ती. खाण्याचं ते खाण्याचं, अंगाचं ते अंगाचं. इथंही तेच समज."

न्यूझीलंडच्या मूळच्या माओरी घरात वाढलेल्या मुलांना हे समजावून सांगावं लागत नाही. माझ्यासारख्या हट व्हॅलीतल्या गोऱ्या बाईला लागतं. मी या प्रयोगशाळेची प्रमुख, प्रत्येक अहवालावर शेवटची सही माझी, पण शिस्तीच्या बाबतीत मीही तिलाच वचकून असायची. "मॉरीन, तो कोट कुठल्या खोलीतला?" असं तिनं मागून विचारलं की मी आधी कोट काढायची, मग उत्तर द्यायची.

एवढं सोवळं कशासाठी, तर आमचं यंत्र. पाण्यात राहणारा प्रत्येक जीव स्वतःचं काहीतरी मागं सोडत जातो. अंगावरची बुळबुळ, खवल्याचा कण, विष्ठा. त्यात त्याचा डीएनए असतो. मोठ्या पिचकारीत ओढ्याचं पाणी भरायचं, एका चकतीएवढ्या गाळणीतून ते दाबून बाहेर काढायचं आणि ती गाळणी आमच्याकडे पाठवायची. पण गाळणीवर सापडतो तो डीएनए इतका थोडा, की वाचता येत नाही. म्हणून आधी त्याच्या नकला काढायच्या. रावीनियानं हे एकदा वडिलांना फोनवर समजावलं होतं, मी शेजारी बसून ऐकत होते.

"पापा, डीएनए म्हणजे दोन धागे एकमेकांत गुंफलेले. तापवले की सुटे होतात. मग जरा गार करायचं आणि आपण तयार केलेले छोटे तुकडे त्यात सोडायचे. ज्या माशाचे म्हणून बनवले, त्याच माशाच्या धाग्याला ते चिकटतात, दुसऱ्याच्या नाही. तिथून पुढं एक रसायन सुट्या धाग्याचा जोडीदार विणत जातं. एकाचे दोन झाले. परत तापवायचं, परत गार. दोनाचे चार, चाराचे आठ. दुपारपर्यंत मोजता येणार नाहीत इतके."

पलीकडून म्हाताऱ्याचा आवाज आला, "त्याला यंत्र कशाला? केईताला एक गोष्ट सांग, दुपारपर्यंत अख्ख्या खोऱ्यात होते."

"पापा!"

"आणि केईता वीजही खात नाही."

रावीनिया हसून हसून रडली. विनोद खरा होता आणि धोकाही तोच होता. यंत्र जे मिळेल त्याच्या नकला काढतं. ते ओढ्यातून आलं की शेजारच्या खोलीतून उडून आलं, हे त्याला कळत नाही. दुसऱ्या खोलीत एकाच माशाच्या अब्जावधी नकला झालेल्या असतात. त्यातला डोळ्याला न दिसणारा थेंब पहिल्या खोलीत गेला की संपलं, मग सगळ्या देशाच्या पाण्यात तोच मासा सापडायला लागतो.

रावीनिया मूळची पूर्व किनाऱ्यावरची. गिझबर्नच्याही पलीकडं वाइहीरा नावाचा ओढा आहे, त्याच्या काठची. तिचे वडील तामाती यांनी जन्मभर मेंढ्यांची लोकर कातरली, पाठ मोडल्यावर बागेत भोपळे लावले. सगळं खोरं त्यांना काकडी म्हणायचं. मोठी माणसं तोंडावर म्हणायची, पोरं 'कोरो काकडी' म्हणायची. कोरो म्हणजे आजोबा.

नाव पडायचं कारण असं. तामाती पाच वर्षांचे असताना त्यांची आई ओढ्यातल्या सपाट दगडावर मासा साफ करत होती. मासा चंदेरी होता. मध्येच तिनं ओल्या हातानं पोराचं नाक पुसलं, आणि त्या हाताला काकडीचा वास आला. त्याच हिवाळ्यात आई क्षयानं गेली. घरात तिचा फोटो नाही. तिचा चेहरा तामातींना आठवत नाही, आवाज आठवत नाही. आठवतो तो हात आणि तो वास.

ताज्या काकडीसारखा वास येणारा, साफ करावा लागेल एवढा मोठा मासा आमच्याकडे एकच होता, उपोकोरोरो. जुन्या काळी नद्यांतून त्यांचे थवेच्या थवे वर चढत. मग ते दिसेनासे झाले. आमचं सरकार मोठं तत्पर, त्या माशाला पकडायला बंदी घातली ती त्यातला एकही कुणाला दिसेना तेव्हा. जाणकारांच्या हिशोबानं तामाती जन्मले तेव्हा वाइहीरात उपोकोरोरो उरलेलाच नव्हता. म्हणजे म्हातारा थापा मारतो. म्हणून काकडी.

"मला काकडी म्हणतात त्याचं काही नाही गं," त्यांनी मला एकदा सांगितलं होतं. "पण मासा खोटा ठरला तर हातही खोटा ठरतो. माझ्याकडं दुसरं काय आहे तिचं?"

रावीनियानं हे लहानपणापासून ऐकलेलं. शाळेत तिलाही काकडीची पोर म्हणायचे. ती या धंद्यात आली ती नोकरी चांगली म्हणून, असं ती सांगे, आणि मी ते कधीच खरं मानलं नाही. गाळणीचं तंत्र आमच्याकडं आल्यावर तिनं पहिली गोष्ट कुठली केली? संग्रहालयातल्या बरणीत, दारूत बुडवून ठेवलेल्या उपोकोरोरोच्या डीएनएची अक्षरं मिळवली. डीएनएची अक्षरं चारच, पण त्यांचा क्रम माशामाशाला वेगळा. त्या क्रमावरून तिनं फक्त याच माशाला चिकटतील असे तुकडे बनवून घेतले.

आणखी एक गोष्ट तिनं केली. यंत्र नीट चालतंय की नाही हे बघायला प्रत्येक वेळी खात्रीचा एक नमुना सोबत चालवावा लागतो. जिवंत मासा तर मिळणार नव्हता, म्हणून तिनं त्याच्या डीएनएचा एक तुकडा कारखान्यातून बनवून घेतला. बनवताना मधली काही अक्षरं मुद्दाम बदलली.

"हे कशाला?" मी विचारलं.

"खूण. आपली भांडी लग्नघरात देताना नाव घालून देतो ना, तसं. उद्या हा तुकडा कुठं भलतीकडं सापडला, तर आपलाच आहे हे कळायला नको?"

वसंत ऋतूत ती गावी गेली आणि वाइहीराचं पाणी घेऊन आली. तामातींनी स्वतः पिचकारी दाबली होती. तिनं काम सुरू केलं, आणि एके दिवशी दुसऱ्या खोलीतून तिची किंकाळी ऐकू आली. मला वाटलं भाजली.

नकला वाढत जातात तसं नळीतलं द्रावण चमकायला लागतं, आणि पडद्यावर एक रेषा वर चढते. काही नसेल तर रेषा आडवी पडून राहते. मळ तपासायला ठेवलेल्या नुसत्या पाण्याच्या नळीची रेषा आडवी होती, जशी असायला हवी. वाइहीराची एक रेषा मात्र वर चढली होती. उशिरा, पण चढली होती. रावीनियाचा चष्मा गळ्यातल्या दोरीला लटकत होता आणि ती दोन्ही हातांनी तोंड दाबून उभी होती.

"आधी वाच," मी म्हटलं. "रेषा म्हणजे फक्त काहीतरी वाढलं. काय वाढलं ते अक्षरं वाचल्यावर कळेल. वाच, मग बोंबल."

"हो, हो," ती म्हणाली, आणि बाहेर जाऊन वडिलांना फोन लावला.

तिला दोष देताना माझी जीभ अडखळते. ऐंशी ओलांडलेला बाप. अक्षरं वाचून यायला आठवडा लागतो. त्या वयात आठवड्याचा भरवसा कोण देतो? पण नियम तो नियम, आणि तो तिला माझ्याहून जास्त ठाऊक होता.

तामातींनी केईताला सांगितलं. पुढं काय झालं ते सांगायला नको. दुपारपर्यंत खोऱ्यात, संध्याकाळपर्यंत सगळ्या किनाऱ्यावर. दुसऱ्या दिवशी वडीलधारी मंडळी ओढ्याच्या मुखाशी जमली, प्रार्थना झाली, खांब रोवला गेला आणि वाइहीरावर राहुई लागली. राहुई म्हणजे त्या पाण्याला आता कुणी हात लावायचा नाही, जाळं टाकायचं नाही. आणि दिवस होते इनांगाचे. काडीएवढे ते पारदर्शक मासे अंड्यात घालून तळायचे, यासाठी तिथली माणसं वर्षभर वाट बघतात. सगळ्यांनी जाळी धुऊन, सुकवून, आत ठेवून दिली. कुणी चकार शब्द काढला नाही. दुकानात तामातींना खुर्ची मिळू लागली. पोरं नुसतं 'कोरो' म्हणू लागली. रावीनियाला हे सगळं फोनवर कळत होतं, आणि ती कामावर गाणी गुणगुणत होती, हे मी तिच्याकडून त्याआधी कधी ऐकलं नव्हतं.

मग अक्षरं आली.

वाचायची रीत सोपी आणि सुंदर आहे. परत नकलाच काढायच्या, पण या वेळी द्रावणात थोडी रंगवलेली अक्षरं मिसळायची. चार अक्षरांना चार रंग. रंगीत अक्षर बसलं की ती नक्कल तिथंच थांबते. कुठली पहिल्या अक्षराशी थांबते, कुठली दहाव्या, कुठली शंभराव्या. मग ते सगळे तुकडे केसासारख्या बारीक नळीतून सोडायचे. आखूड आधी बाहेर येतो, लांब मागून. प्रत्येकाच्या शेपटीवर उजेड पाडून रंग बघायचा, आणि रंगांच्या ओळीतून डीएनए वाचत जायचा. पडद्यावर रंगीत लाटा दिसतात. रावीनियाला त्या मजकुरासारख्या वाचता येत.

तिनं उपोकोरोरोची सुरुवात वाचली. बरोबर होती. तिनं माझा हात धरला. मग बोट मधोमध आलं आणि थांबलं. तिनं चष्मा पुसला, पुन्हा घातला.

"मॉरीन," ती म्हणाली, "हे माझं भांडं आहे."

तिची खूण तिथं होती, एकूण एक अक्षर. ओढ्यातून नाही, शेजारच्या खोलीतून आलेला तुकडा. कोट बदलला होता, चपला बदलल्या होत्या, हातमोजे बदलले होते. सगळ्यांनी डोकं खाजवलं. माझा संशय चष्म्यावर आहे. तो दोरीला लटकत तिच्याबरोबर दोन्ही खोल्यांत फिरायचा आणि ती तो सारखा नाकावर सरकवायची, हातमोज्याच्या बोटानं. बाकी सगळं सोवळ्यात होतं, तेवढा चष्मा राहिला. आज आमच्याकडं चष्मेही दोन असतात.

"फोनवर सांग," मी म्हटलं.

"फोनवर दिलं ते चुकलं. परत घेताना तरी तोंडापुढं जाऊन घेईन."

मी गाडी चालवली.  माराएवर, म्हणजे गावाच्या सभाघरी, आम्हाला जेवायला बसवलं. डुकराच्या हाडांचा रस्सा, पालेभाजी, तळलेला पाव. आंटी केईताला वाटत होतं की आम्ही माशाची बातमी पक्की करायला आलोय, म्हणून ती माझ्या ताटात वाढतच होती. जेवणं झाली, फडकी पिळून झाली, तेव्हा रावीनिया उभी राहिली आणि तिनं सांगितलं. आडपडदा न ठेवता. मासा सापडला नाही, माझाच तुकडा होता, मी वाचायच्या आधी बोलले, तुमचा हंगाम माझ्यामुळं गेला.

 मागच्या बाकावरून कुणीतरी म्हणालं, "म्हणजे काकडी ती काकडीच." दोघंतिघं हसली.

तामाती काठी टेकत उठले. "या पोरीला बोलू नका. तिचं यंत्र राईचा पर्वत करतं, आणि तुम्हीच म्हणता की माझी हयात त्याच धंद्यात गेली. घरचाच गुण आहे." लोक आता मोकळेपणानं हसले. ते हसू ओसरेपर्यंत म्हातारा उभाच होता. मग त्यांनी मुलीकडं पाहिलं आणि हळू विचारलं, "मग माझ्या आईच्या हाताला वास कसला येत होता गं?"

रावीनिया बाकांमधून त्यांच्याकडं निघाली. 

"काकडीचा," केईता म्हणाली. तिनंच त्यांना जन्मभर चिडवलं होतं. "तू सांगितलास तोच. आता खाली बस, तुझा पाव गार झाला."

राहुई मात्र कुणी काढली नाही. प्रार्थना म्हणून रोवलेला खांब नजरचुकीनं रोवला म्हणून कसा उपटायचा, असं केईतानं विचारलं आणि विषय मिटला. हंगाम तसाच गेला. बाहेर अंगणात रावीनिया मला म्हणाली, "मला त्यांना एवढंच द्यायचं होतं. एक मासा. अख्ख्या जगात मला दुसरं काही नको होतं." मी तिच्या पाठीवर हात ठेवला. असल्या वेळी मला बोलता येत नाही, आणि आलं तर वाकडं येतं.

त्यानंतर दर वसंतात वाइहीराची एक गाळणी आमच्याकडं येऊ लागली. तामाती स्वतः ओढ्यावर जात, त्याच सपाट दगडावर बसून पिचकारी दाबत आणि खोक्यात बर्फाबरोबर थट्टेनं एक काकडी ठेवून पाठवत. रावीनिया माशाची रेषा बघायची. आडवी. मग दुसरं काम असायचं. एकाच माशाला नव्हे, सगळ्याच प्राण्यांना चिकटतील असे तुकडे वापरून जे असेल त्याच्या नकला काढायच्या, लाखो धागे एकदम वाचायचे आणि ओढ्यात कोण कोण राहून गेलं ते सांगायचं. वाम, इनांगा, बदक, गाय, मेंढी, कुणाचा तरी कुत्रा. आणि दर वर्षी एक 'माणूस'.

"पापा, हातमोजे घाला! तुमचे हात गाळणीला लागतात."

"आईच्या ओढ्यात हातमोजे घालून जाऊ?"

"अहो, सगळ्या निकालात तुम्हीच येता!"

"मग बरं आहे. मासा नाही तर मी तरी सापडतो."

माणूस सापडला की तो मळ समजायचा आणि अहवालातून काढून टाकायचा, असा आमच्याकडं नियम आहे. तो कुणाचा, हे बघायचंही नाही. रावीनिया दर वर्षी करवादत ती ओळ खोडायची, आणि मी सही करायची.

गेल्या वसंतात खोकं आलं आणि त्याच आठवड्यात तामाती गेले. झोपेत. ती गावी गेली, माराएवर त्यांच्याजवळ बसली, परत आली. काही दिवस गाळणीला तिनं हात लावला नाही. मी दुसऱ्या कुणाला देऊ का विचारलं, तर माझ्याकडं असं बघितलं की मी माझ्या खोलीत निघून गेले. मग एका सकाळी तिनं पहिल्या खोलीतला चष्मा घातला आणि कामाला लागली. सगळं नेहमीसारखं, पायरीपायरीनं. माशाची रेषा आडवी पडून राहिली. ती बराच वेळ तिच्यापुढं बसली होती, रेषा आता तरी चढेल म्हणून. मलाही वाटत होतं की चढावी. मी देवाबिवाची बाई नाही, पण वाटत होतं.

दोन आठवड्यांनी अहवाल माझ्या टेबलावर आला. वाइहीरा ओढा. उपोकोरोरो नाही. वाम आहे, इनांगा भरपूर, बदक, गाय, मेंढी. शेवटच्या ओळीत माणूस. खोडलेला नव्हता.

मी मान वर केली. काचेपलीकडं ती नव्या पोराला फडक्यांचं सांगत होती. तिचं माझ्याकडं लक्ष होतं, आणि नसल्यासारखं ती दाखवत होती. ती ओळ खोडायला मी पेन उचललं होतं. त्याच पेननं खाली सही केली.